बार्शीहून इंग्लंडला गेलेली रेल्वे, आणि तिचं बंद पडलेलं शेवटचं स्टेशन

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात, डर्बीशायरच्या हद्दीला लागून ह्यूम एंड नावाची वस्ती आहे. थोडी घरं, एक पब, मॅनिफोल्ड नदी आणि सभोवार गुरांची कुरणं. १९०४ ते १९३४ अशी तीस वर्षं इथे रेल्वे स्टेशन होतं, आणि तेही जाता जाता गाडी थांबते तसलं नव्हे. एका अख्ख्या लाइनचं हे टोक होतं, इंजिनशेड इथेच होती, कारभारही इथूनच चालायचा. आज तिकीटघराची इमारत आहे, रूळ नाहीत.

ब्रिटनमध्ये बंद पडलेली स्टेशनं हजारांनी मोजावी लागतात. मग मराठी वाचकाने याच एका स्टेशनाची विचारपूस कशाला करायची? तर इथे येणारी गाडी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी लाइट रेल्वेच्या अनुभवावर बेतलेली होती. आखणी करणारा इंजिनिअर तोच, रुळांमधलं अंतर तेच, आणि इंजिनं घडवणारा लीड्सचा किटसन कारखानाही तोच. सहसा रेल्वेचं तंत्र विलायतेहून इकडे आलं असं आपण शिकतो. इथे उलटं झालं: आधी बार्शी, मग इंग्लंड.

बार्शी लाइट छोट्या रुळांवर शंभर वर्षांहून जास्त धावली आणि नंतर ब्रॉडगेज झाली. तिकडची लाइन तिसाव्या वर्षी गुंडाळली गेली. तंत्र एकच असताना असं का व्हावं, हे नीट पाहिलं की खेड्यातलं स्टेशन नेमकं कशाने बंद पडतं ते कळतं.

कॅलथ्रॉपचा पाच टनांचा हिशोब

दोन्ही लाइनी आखणारा हा इंजिनिअर म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप. तो १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. जीआयपी म्हणजे आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज. तिची मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी लाइन बार्शीला २१ मैल बाजूला टाकून गेली होती. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. माल बैलगाड्यांवर लादून बार्शी रोड स्टेशनापर्यंत आणायचा, तिथे मोठ्या गाडीत चढवायचा. हे बार्शी रोड म्हणजेच आजचं कुर्डुवाडी. काळ्या जमिनीतून पावसाळ्यात भरलेली बैलगाडी चौतीस किलोमीटर हाकणं म्हणजे काय, हे त्या भागातल्या माणसाला सांगायला नको.

कॅलथ्रॉपने रजा काढून या मुलखाची पाहणी केली आणि मोठ्या लाइनला माल आणून देणाऱ्या छोट्या लाइनची योजना मांडली. ती मार्गी लागायला बरीच वर्षं गेली. अखेर १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी नोंदली गेली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन गाडी सुरू झाली.

रूळ एकमेकांपासून २ फूट ६ इंचांवर, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, म्हणजे दुपटीहून रुंद. रूळ जवळ आणले की लाइन स्वस्त पडते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. वळणं आवळता येतात, त्यामुळे टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घालता येतो. जमीन, भराव, पूल, सगळंच कमी लागतं. पण कॅलथ्रॉपचं डोकं याच्या पुढे गेलं. त्याच्या मते खरा खर्च रुळांच्या अंतराने ठरत नाही, एका जागी किती वजन पडतं त्याने ठरतो.

हे थोडं सोडवून सांगतो. गाडी कितीही लांब असली तरी रुळाच्या एका ठिकाणी एका वेळी चाकांच्या एकाच जोडीचा भार पडतो. त्यामुळे रूळ किती जाड हवा हे ठरवतं ते सगळ्यात जड जोडीचं वजन, आणि ती जोडी बहुधा इंजिनाची असते. डब्यांची चाकं हलकी असली तरी रूळ मात्र इंजिनाच्या मापाने घालावा लागतो, म्हणजे उरलेल्या गाडीच्या हिशोबाने ते पैसे फुकट गेले. कॅलथ्रॉपने नियम घातला की इंजिन असो की मालडबा, चाकांच्या कुठल्याही जोडीवर ५ टनांहून जास्त भार येता कामा नये. इंजिन जड हवं असेल तर त्याला चाकं वाढवा. डब्यांची बांधणी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याची करा, म्हणजे डब्याचं स्वतःचं वजन घटेल आणि पाच टनांतला मोठा वाटा मालाला मिळेल. अशा गाडीला यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला साधारण १५ किलोचा रूळ पुरला. आज आपल्या मोठ्या लाइनींवर मीटरला ६० किलोचे रूळ असतात, त्यावरून अंदाज करा.

माल हिंदुस्थानात धाडण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून त्याने ही गाडी जाणकारांना चालवून दाखवली होती. त्यामुळे बार्शीचा बोलबाला इंग्लंडात आधीपासूनच होता. पुढे स्टॅफर्डशायरमध्ये एका अरुंद दरीतून स्वस्तातली लाइन टाकायची निघाली तेव्हा कॅलथ्रॉपला बोलावणं आलं ते उगीच नाही. (हाच गृहस्थ नंतर पॅराशूटच्या नादाला लागला. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

लाइट रेल्वे म्हणजे कायद्यातली सवलत

ब्रिटनमध्ये नवी लाइन टाकायची तर पूर्वी पार्लमेंटमधून स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे. वकील, साक्षी, सुनावण्या यांतच छोट्या कंपनीचं भांडवल झिजायचं. वर सिग्नल, फाटकं, कुंपण, उंच फलाट हे सगळं मोठ्या लाइनीच्या दर्जाचं करण्याची सक्ती. तोट्यातल्या शेतीभागाला ते झेपणारं नव्हतं. म्हणून १८९६ मध्ये लाइट रेल्वे कायदा आला. आयुक्तांकडून नुसता आदेश मिळवला की काम सुरू, नियम सैल, स्थानिक संस्था आणि सरकारी खजिना यांना मदत करायची मुभा. बदल्यात वेगावर मर्यादा, सहसा ताशी २५ मैलांच्या आत.

लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे ही या कायद्याखाली उभी राहिली. वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड, लांबी ८ मैलांहून किंचित जास्त, म्हणजे तेरा किलोमीटर. गाड्या चालवण्याचं काम शेजारच्या नॉर्थ स्टॅफर्डशायर रेल्वेकडे. २७ जून १९०४ रोजी उद्घाटन झालं. गंमत म्हणजे त्या दिवशी ही लाइन बाकीच्या रेल्वेला जोडलेलीच नव्हती! लीक गावाहून वॉटरहाउसेसपर्यंतची मोठ्या मापाची शाखा तयार व्हायला १९०५ उजाडलं, तोवर लोकांना वाफेवर चालणाऱ्या बसने आणून छोट्या गाडीत बसवत होते.

अवघी दोन इंजिनं. एकाचं नाव ‘ई. आर. कॅलथ्रॉप’, दुसऱ्याचं ‘जे. बी. अर्ल’, म्हणजे जागेवर राहून काम करून घेणाऱ्या इंजिनिअरच्या नावाचं. दोन्हींच्या कपाळावर वसाहतीतल्या इंजिनांना असतो तसा भला मोठा दिवा. रानातून रात्री गाडी हाकायची तर असा दिवा लागतो, कुंपण घातलेल्या इंग्लिश दरीत त्याचं काही काम नव्हतं आणि तो कधी लावलाच नाही असं सांगतात. चार डबे, फिकट पिवळ्या रंगाचे, दोन्ही टोकांना उघडा सज्जा. फलाट जवळजवळ जमिनीलगत. त्या हिरव्या दरीत ही गाडी परमुलखातली दिसत असणार, आणि ती होतीच तशी.

गावं डोंगरावर, स्टेशनं दरीत

लाइन सुरुवातीला हॅम्प्स नदीच्या काठाने जाते, मग मॅनिफोल्ड नदी पकडते. हा सगळा चुनखडीचा प्रदेश आहे, उन्हाळ्यात नद्या जमिनीखाली गडप होतात आणि पात्र कोरडं पडतं. दरी अरुंद, दोन्हीकडे उभे कडे. रेल्वेला चढ सोसत नाही, म्हणून तिने नदीचा काठ धरला, आणि इंजिनिअरच्या दृष्टीने ते शंभर टक्के बरोबर होतं.

फक्त माणसं तिथे राहत नव्हती. ग्रिंडन, वेटन, बटरटन ही गावं वर पठारावर. स्टेशनच्या पाटीवर गावाचं नाव, पण गाडीतून उतरल्यावर गाव गाठायला दमछाक करणारी चढण. बाजाराच्या दिवशी लीकहून पिशव्या भरून आलेल्या बाईने शेवटी हा डोंगर चढायचा. ह्यूम एंडच्या पाटीवर तर ‘शीन आणि हार्टिंग्टनसाठी’ असं लिहिलेलं असायचं. यातलं हार्टिंग्टन शेजारच्या डर्बीशायर परगण्यात दोन-एक मैलांवर, आणि त्याला दुसऱ्या कंपनीच्या बक्स्टन–ॲशबोर्न लाइनवर १८९९ मध्येच स्वतःच्या नावाचं स्टेशन मिळालेलं. म्हणजे ह्यूम एंडच्या वाट्याला उरलं काय, तर आसपासची शेतघरं आणि शेजारचा पब. पबवाल्याने मात्र मोठ्या उमेदीने आपल्या जागेचं नाव बदलून ‘लाइट रेल्वे हॉटेल’ केलं. आज त्याचं नाव पुन्हा बदललंय.

आपल्याकडेही ‘अमुक रोड’ नावाची स्टेशनं असतातच. नावातल्या ‘रोड’चा अर्थ प्रवाशाला उतरल्यावर कळतो. पण बार्शी रोड स्टेशन गावापासून लांब होतं म्हणून तर तिथून बार्शीपर्यंत छोटी लाइन टाकली गेली. मॅनिफोल्डमध्ये छोटी लाइनच गावापासून लांब राहिली, मग तिला जोडायला आणखी छोटं काय आणायचं?

मग ही लाइन टाकलीच कशाला? अपेक्षा तीन होत्या. एक्टनच्या डोंगरात तांब्याची जुनी खाण होती, अठराव्या शतकात तिने ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या घराण्याला अमाप पैसा दिला होता. रेल्वे आली की खाण पुन्हा चालेल, ही पहिली आशा. लाइन पुढे बक्स्टन या मोठ्या गावापर्यंत नेता येईल, ही दुसरी. दरी देखणी आहे, थॉर्स केव्ह नावाची प्रचंड गुहा कड्यात दिसते, तर सहलीला लोक येतील, ही तिसरी. खाण चालली नाही. बक्स्टनची लाइन झाली नाही. सहलीचे लोक आले, आणि सुट्टीच्या दिवशी इतके आले की चार डबे कमी पडत, पण थंडी-पावसाच्या महिन्यांत तेच डबे रिकामे. लाइन बांधणाऱ्या एका मजुराने तेव्हाच म्हटल्याचं सांगतात: लाइन झकास आहे, पण चालायची नाही, कारण ती निघते ‘कुठूनच नाही’ आणि जाऊन पोचते तीही तिथेच. इतका अचूक प्रकल्प अहवाल पगारी सल्लागारांनाही क्वचित जमतो.

दरीत एक बोगदा आहे, स्वेन्सलीचा. दीडशे मीटर लांबीचा. शेजारी स्वेन्सली हॉल नावाचा वाडा होता, त्याच्या मालकाला खिडकीतून आगगाडी दिसू नये म्हणून हा बोगदा. मालक सर थॉमस वॉर्डल, लीकचे रेशीम रंगवणारे कारखानदार. टसरसारख्या हिंदुस्थानी रानरेशमाचा त्यांचा मोठा अभ्यास होता आणि त्यासाठी ते इकडे येऊनही गेले होते. बार्शीचं तंत्र आणि टसरचा जाणकार एका इंग्लिश दरीत असे समोरासमोर आले, आणि त्यांच्यात बोगदा पडला.

रुळांचं माप बदललं की हमाली आली

छोट्या मापाच्या रेल्वेचं कायमचं दुखणं म्हणजे मापबदल. छोट्या गाडीतला माल मोठ्या गाडीत जाताना उतरवायचा, पुन्हा चढवायचा. वेळ जातो, हमाली जाते, फुटतूट होते. आणि हा खर्च अंतरावर अवलंबून नसतो. माल ३०० किलोमीटर आलेला असो की १०, उतरवण्याचे पैसे तेवढेच. लांबच्या प्रवासात ते पोटात घालता येतात, आठ मैलांच्या प्रवासात नाही.

कॅलथ्रॉपने यावर तोडगा काढला होता. छोट्या मापाची एक बसकी, लांब चौकट बनवायची आणि मोठ्या मापाचा डबा मालासकट तिच्यावर लोटून चढवायचा. मग छोटं इंजिन ती चौकट ओढत नेणार. ब्रिटनमध्ये असा वाहक डबा पहिल्यांदा इथेच वापरला गेला. वाटेतल्या स्टेशनांवर मोठ्या मापाच्या रुळांचे सुटे तुकडे घातलेले असत, डबा चौकटीवरून त्यांच्यावर ढकलायचा आणि तिथे सावकाश भरायचा किंवा रिकामा करायचा. चहूबाजूंनी छोटी लाइन आणि मधेच कशालाही न जोडलेला मोठ्या रुळांचा एक तुकडा!

युक्ती चालली. पण तिची किंमत होती. मोठा डबा चौकटीवर चढला की त्याची उंची-रुंदी वाढली, म्हणून स्वेन्सलीचा बोगदा त्या मापाने ऐसपैस खोदावा लागला. छोट्या मापाने जे वाचवायचं त्यातलं काही असं परत गेलं. मला वाटतं, या लाइनीत तंत्राची उणीव कुठेच नव्हती. उलट इतक्या थोड्या मालासाठी इतकं डोकं लावलेली दुसरी लाइन शोधावी लागेल.

दूध आलं, आणि दूध गेलं

लाइनला खरा आधार मिळाला तो दुधाचा. दरीतली आणि पठारावरची शेती गुरांची. मोठ्या शहरांना रोज ताजं दूध हवं, आणि दूध थांबत नाही, सणवार पाळत नाही. एक्टनला डेअरी निघाली, मोठ्या मापाचे दुधाचे डबे वाहकावर चढून थेट तिथपर्यंत येऊ लागले. माल उलटायची भानगड नाही. इथे कॅलथ्रॉपची चौकट सार्थकी लागली.

पण सगळा भार एका गिऱ्हाइकावर असला की काय होतं ते उघड आहे. पहिल्या महायुद्धानंतर सैन्याने हजारो लॉऱ्या विकायला काढल्या. लष्करातून सुटलेली, गाडी चालवायला शिकलेली माणसं स्वस्तात लॉरी घेऊन धंद्यात उतरली. शेतकऱ्याच्या बाजूने बघा. दुधाचे कॅन वरच्या गावातून खाली स्टेशनात आणायला घोडागाडी तर लागणारच होती. आता दारात लॉरी येते. एकदा लॉरीत चढवलेलं दूध आठ मैलांच्या रेल्वेसाठी पुन्हा खाली कोण उतरवेल? रेल्वेने मापबदलाची हमाली वाहकाने वाचवली, पण शेताचा बांध ते फलाट ही पहिली हमाली तिच्या हातात नव्हतीच. ती लॉरीने वाचवली.

त्यातून रेल्वेचे हात कायद्याने बांधलेले. कुणीही कसलाही माल आणला तरी तो नाकारता येत नसे, आणि दर जाहीर करावे लागत. लॉरीवाल्याला असलं बंधन नाही. तो जाहीर दर वाचायचा, त्याहून थोडा कमी सांगायचा आणि नफ्याचा माल उचलायचा. परवडत नाही तो रेल्वेकडे. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच एक्टनची डेअरी बंद झाली, दूध रस्त्याने जाऊ लागलं. त्याबरोबर लाइनचा एकमेव भरवशाचा माल संपला.

स्टेशन बंद करायचा निर्णय कसा होतो

१९२१ च्या कायद्याने ब्रिटनमधल्या शंभराहून अधिक रेल्वे कंपन्यांचं १९२३ पासून चार मोठ्या कंपन्यांत एकत्रीकरण झालं. मॅनिफोल्डची लाइन लंडन मिडलंड अँड स्कॉटिश, म्हणजे एलएमएस कंपनीच्या ताब्यात आली. आधी गाड्या चालवणारी कंपनी शेजारची होती, तिला दरी ठाऊक होती. एलएमएसच्या हजारो मैलांच्या पसाऱ्यात हे आठ मैल म्हणजे वहीतली एक ओळ. वर त्यांच्यासाठी वेगळ्या मापाची इंजिनं, वेगळे डबे, वेगळे सुटे भाग. इंजिन नादुरुस्त झालं तर शेजारच्या शेडमधून दुसरं मागवायची सोय नाही.

शाखेचा हिशोब कसा मांडतात यावरही बरंच ठरतं. समजा, एक्टनहून लंडनला दुधाचा डबा गेला आणि भाडं आलं १०० पौंड. प्रवास दीडशे मैलांहून जास्त, त्यातले शाखेचे सात. मैलांच्या प्रमाणात वाटणी केली तर शाखेच्या खात्यावर चार-पाच पौंड, उरलेले मोठ्या लाइनीच्या नावावर. आता स्टेशनमास्तरचा पगार, रूळ तपासणाऱ्यांचा पगार, कोळसा हे सगळं शाखेच्या माथी. शाखा तोट्यात दिसणारच! शाखाच नसती तर ते १०० पौंड आले असते का, हा प्रश्न त्या वहीत कुठे लिहिलेला नसतो. छोट्या लाइनींची बाजू घेणारे जगभर हाच मुद्दा मांडतात, आणि तो खोटा नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर मॅनिफोल्डला तो वाचवू शकला नसता. दूधच लॉरीने गेल्यावर वाटणी कशाची करणार?

एलएमएसला आणखी एक पर्याय होता. १९२८ च्या कायद्यांनी रेल्वे कंपन्यांना रस्त्यावरच्या वाहतुकीत उतरायची परवानगी दिली होती आणि त्यांनी बस कंपन्यांत भागही घेतले होते. म्हणजे गाडी बंद करून तोटा थांबवायचा आणि बसमधून थोडं कमवायचं.

१० मार्च १९३४, शनिवार. त्या दिवशी शेवटची गाडी धावली आणि सोमवार १२ मार्चपासून लाइन बंद म्हणून नोंद झाली. त्या काळी गाव बोलावून सुनावणी घेण्याची पद्धत नव्हती. प्रवाशांच्या बाजूने म्हणणं मांडणाऱ्या समित्या ब्रिटनमध्ये १९४७ च्या वाहतूक कायद्यानंतर आल्या. तोवर कंपनी नोटीस लावायची आणि विषय संपायचा. ब्रिटनमधलं प्रत्येक बंद स्टेशन १९६३ च्या बीचिंग अहवालाच्या नावावर खपवतात, तेही बरोबर नाही. त्या अहवालाने दोन हजारांहून जास्त स्टेशनं बंद करायची शिफारस केली हे खरं, पण ह्यूम एंडला कुलूप लागून तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती.

तिकडे बार्शीत

याच काळात बार्शी लाइट पसरत होती. १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूर. आषाढी-कार्तिकीला लाखोंनी माणूस जाणारं गाव लाइनवर आलं, आणि ही गर्दी डेअरीसारखी एका मालकाच्या मर्जीवर नव्हती. १९११ मध्ये लाइन निजामाच्या राज्यातल्या लातूरच्या बाजारपेठेत पोचली. १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरज. त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला. एका पेठेसाठी टाकलेले २१ मैल आता २०० मैलांवर गेले होते, कुर्डुवाडी आणि मिरजेला दुसऱ्या रेल्वे, मधे पेठा, तीर्थ, तालुक्याची गावं. मापबदलाची हमाली कुर्डुवाडीला शेवटपर्यंत होती, वाहक चौकटीची चैन तिथे नव्हती, तरी लाइन चालली. माल लांबून येत होता आणि भरपूर येत होता.

१९५४ मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली. १९९० च्या दशकात देशभर एकच माप करायचं धोरण आलं, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात ही लाइन टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. नॅरोगेजची गाडी गेली, वाहतूक राहिली. आणि मॅनिफोल्डला जे कधीच करता आलं नाही ते इथे झालं: धाराशिव शहर जुन्या लाइनपासून बाजूला पडलं होतं, नव्या मार्गाला वळण देऊन ते रेल्वेवर आणलं. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळी लातूरला मिरजेहून पाण्याची गाडी गेली ती पंढरपूर, कुर्डुवाडी करत याच मार्गाने. सुमारे ३४२ किलोमीटर.

रूळ काढल्यावर जमिनीचं काय

लाइन बंद झाल्यावर ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी जमीन तुकड्या-तुकड्याने विकली गेली. एका शेतकऱ्याने भराव नांगरला, दुसऱ्याने पुलाचे दगड नेले, तिसऱ्याने स्टेशनात घर केलं. एकदा सलगपणा तुटला की पुन्हा रूळ घालणं सोडाच, पायवाटही करता येत नाही, कारण आता दहा मालकांची संमती हवी. आपल्याकडे नॅरोगेज बंद पडलेल्या भागांतही पुढचा सगळा वाद याच जमिनीभोवती फिरतो.

एलएमएसने इथे निराळं केलं. रूळ उपटले, दोन्ही इंजिनं मोडीत काढली, आणि लाइनची पट्टी सलगच्या सलग स्टॅफर्डशायरच्या परगणा समितीला देऊन टाकली. समितीने तिच्यावर डांबर घातलं आणि जुलै १९३७ मध्ये चालणाऱ्यांसाठी वाट खुली केली. जुन्या रेल्वेची पायवाट करायची ब्रिटनमधल्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत हिची गणना होते. ती पलीकडची हार्टिंग्टनची लाइनही पुढे बंद पडली, आणि १९७० च्या दशकात तिचीही वाट झाली.

जाणाऱ्यांसाठी: वाटेचं नाव मॅनिफोल्ड वे. वॉटरहाउसेसहून निघालात तर आठ मैल जवळपास सपाट चाल आहे, कारण चढ इंजिनाच्या ताकदीने बेतलेला होता. सायकल आणि चाकाची खुर्ची दोन्ही जातात. थॉर्स केव्हला वर चढून जावं लागतं, गुहा खालूनही दिसते. ह्यूम एंडच्या तिकीटघरात आता दरीची माहिती देणारं केंद्र आहे आणि इंजिनशेडच्या जागी तशाच धाटणीच्या इमारतीत चहाचं हॉटेल. वेटन मिल ते स्वेन्सलीच्या पट्ट्यात मात्र वाटेवर मोटारीही येतात, बोगद्यातसुद्धा, तेव्हा सायकलला दिवा असू द्या.